आगकाड्या, वाटाणा आणि दादासाहेब फाळके

धुंडिराज गोविंद फाळके हे नाव भारतीय चित्रपटाचे जनक म्हणून सर्वतोमुखी आहे. ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वरी जन्म आणि १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशकात देहावसान, अशा ह्या पुरुषाच्या कर्तृत्वाचा फार मोठा भाग आपल्याच नाशिकच्या मातीत घडला. परंतु त्यांचे गुणगान करताना आपण बहुधा 'राजा हरिश्चंद्र', 'लंकादहन' आणि 'कालियामर्दन' ह्या तीन नावांपाशी थांबतो. १९१५ च्या सुमारास त्यांनी केलेला 'आगकाड्यांची मौज' हा छोटासा पट मात्र इतिहासात एखाद्या ओळीत उरकला जातो. मुख्य चित्रपटाच्या जोडीला दाखवावयाची करमणूक, एक गंमत, एवढेच त्याचे मोल ठरते. हे मोल चुकीचे आहे असे आमचे मत असून, ते का, हे वाचकांपुढे मांडावे ह्यासाठी हा लेख.

प्रथम ही गंमत काय होती ते पाहू. काडेपेटीतील काड्या आपणहून हलू लागतात, रांगा धरतात, आकार घेतात. कोणी हात लावताना दिसत नाही. इंग्रजीत ह्या तंत्रास स्टॉप-मोशन म्हणतात. चित्रपट म्हणजे मुळात स्थिर छायाचित्रांची मालिका. ती भराभर डोळ्यांपुढून गेली की गतीचा भास होतो. नेहमीच्या चित्रणात कॅमेऱ्याचा दांडा फिरवीत राहिले की एका फेऱ्यात आठ चित्रे उमटत. ह्या तंत्रात एक चित्र घ्यावयाचे, थांबावयाचे, काडी केसभर सरकवावयाची, हात बाजूला घ्यावयाचा, आणि पुन्हा एक चित्र घ्यावयाचे. मूकपटाच्या काळचा वेग सेकंदाला सुमारे सोळा चित्रांचा धरला तर एका मिनिटाच्या पटाला ९६० चित्रे लागतात. पाच काड्या एकदम नाचवावयाच्या असतील तर त्या एका मिनिटासाठी काड्यांना जवळजवळ पाच हजार वेळा बोट लावावे लागते. त्यातही कॅमेरा तसूभर ढळता कामा नये आणि प्रकाश पालटता कामा नये. सूर्यप्रकाशावर विसंबणाऱ्या त्या काळच्या कलावंताला हे दुसरे पथ्य किती कठीण गेले असेल, ह्याची कल्पना कोणालाही करता येईल.

ही कल्पना फाळक्यांच्या आधी युरोपात रुजली होती. एमिल कोल ह्या फ्रेंच कलावंताने १९०८ साली सजीव आगकाड्यांचा एक पट केला होता. इंग्लंडमध्ये आर्थर मेल्बर्न-कूपर ह्याने सैनिकांना काडेपेट्या पाठविण्याचे आवाहन करणारा एक पट केला. त्यात काडीचीच माणसे होऊन भिंतीवर ते आवाहन लिहितात. तो पट १८९९ सालचा, बोअर युद्धाच्या वेळचा, की १९१४ च्या महायुद्धाच्या वेळचा, ह्याविषयी अभ्यासकांत वाद आहे. तेव्हा आगकाडी नाचविणारे फाळके हे जगातील पहिले नव्हेत. भारतात मात्र त्यांच्या आधी हे कोणी केल्याची नोंद आढळत नाही. आपल्याकडे स्वाभिमानाच्या भरात प्रत्येक गोष्टीचे पहिलेपण मिरविण्याची खोड आहे. तिची येथे गरज नाही. फाळक्यांनी ही कला कोणत्या परिस्थितीत आणि कोणत्या वृत्तीने हाताळली हा प्रश्न अधिक मोलाचा आहे.

परिस्थिती अशी की, 'राजा हरिश्चंद्र' १९१३ च्या मे महिन्यात मुंबईच्या कॉरोनेशन सिनेमागृहात प्रदर्शित झाल्यावर त्याच वर्षी फाळक्यांनी आपला संसार आणि कारखाना नाशकात हलविला. १९१४ साली ते आपले चित्रपट घेऊन लंडनला गेले, तेथे त्यांची वाखाणणी झाली. परंतु ते परत येतात न येतात तोच महायुद्ध पेटले. भांडवल पुरविणाऱ्यांनी हात आखडता घेतला. मोठे चित्रपट काढणे अशक्य झाले. पत्नी सरस्वतीबाई ह्यांनी आपले दागिने पुढे केले. ह्या ओढगस्तीच्या काळात फाळक्यांनी जे लहान लहान पट काढले, त्यांत सिंहस्थ पर्वणी होती, तळेगावचा काच कारखाना होता, नाणी आपोआप हलून आकृती घेतात असा 'लक्ष्मीचा गालिचा' होता आणि 'आगकाड्यांची मौज' होती. नट नको, पोशाख नको, देखावे नकोत. एक काडेपेटी, एक कॅमेरा आणि अपार चिकाटी एवढेच भांडवल. त्या काळी आपल्या बाजारात येणाऱ्या आगकाड्या बहुतांशी जपान आणि स्वीडनमधून येत. स्वदेशीचा ध्यास घेतलेल्या ह्या माणसाने परदेशी काड्यांकडून नाशकात स्वदेशी नाच करवून घेतला, ह्यातला विनोद त्याच्या स्वतःच्या ध्यानात आला नसेल असे आम्हांस वाटत नाही.

आता वृत्तीविषयी. त्यासाठी आणखी तीन वर्षे मागे जावे लागेल. फाळक्यांना चित्रपटाचा ध्यास लागला तो गिरगावातील अमेरिका-इंडिया पिक्चर पॅलेसमध्ये प्रभू येशूच्या जीवनावरील पट पाहून. तो पट पाहताना आपल्या मनश्चक्षूंपुढे राम आणि कृष्ण उभे राहिले, असे त्यांनी १९१७ साली 'नवयुग' मासिकातील आपल्या लेखमालेत लिहून ठेवले आहे. आपल्या ख्रिस्ती मंडळींत हा प्रसंग मोठ्या आवडीने सांगितला जातो. पण तो सांगताना आपण पुढची हकिगत गाळतो. त्या दर्शनानंतर फाळके भारावून स्वस्थ बसले नाहीत. त्यांनी खेळण्यातले चित्रपटयंत्र, भिंगे आणि मेणबत्त्या जमविल्या, आणि रात्रंदिवस पाहण्याचाच अभ्यास केला. त्यापायी काही काळ त्यांची दृष्टी गेली. वैद्यकीय उपचारांनी ती परत आली. १९१२ च्या फेब्रुवारीत ते लंडनला गेले, विल्यमसन कंपनीचा कॅमेरा विकत घेऊन आले, आणि त्या कॅमेऱ्याने त्यांनी पहिली मोठी गोष्ट कोणती टिपली, तर कुंडीत रुजणारा वाटाणा.

'अंकुराची वाढ' ह्या नावाने ओळखला जाणारा हा पट एक-दीड मिनिटाचाच. महिनाभराहून अधिक काळ, ठरावीक अंतराने एकेक चित्र घेऊन, मातीतून कोंब कसा येतो, वेल कसा चढतो, हे त्यांनी दाखविले. तो पाहूनच भांडवलदारांचा विश्वास बसला आणि 'राजा हरिश्चंद्र'ला पैसा उभा राहिला. आगकाडी आणि वाटाणा ह्या दोन्ही पटांचे तंत्र मुळात एकच: थांबून थांबून एकेक चित्र घेणे. फरक एवढाच की काडीच्या बाबतीत दोन चित्रांमधल्या अवकाशात माणसाचे बोट काम करते, आणि वाटाण्याच्या बाबतीत त्या अवकाशात माणूस झोपी गेलेला असतो. शुभवर्तमानकार मार्कने चौथ्या अध्यायात नोंदविलेला, आपोआप उगवणाऱ्या बियांचा दृष्टान्त वाचकांना येथे आठवेल. त्यातील शेतकरी रात्री निजतो, दिवसा उठतो, आणि बी कसे वाढते हे त्याला कळत नाही. फाळक्यांच्या कॅमेऱ्याने तो न दिसणारा काळ दिसता केला. ह्या पटात देव नाही, अवतार नाही, चमत्कार नाही. तरीही पुढील कोणत्याही पौराणिक पटापेक्षा त्यात विस्मयाचा अंश अधिक शुद्ध होता, असे आम्ही म्हणू.

हे विधान धाडसाचे वाटेल. त्याची कसोटी म्हणून इतर देशांतील ह्या कलेकडे थोडे पाहिले पाहिजे.

व्लादिस्लाव स्तारेविच हा पोलिश वंशाचा निसर्गाभ्यासक. तेव्हाच्या रशियन साम्राज्यातील कोव्नो, म्हणजे आजच्या लिथुआनियातील कौनास, येथील निसर्गसंग्रहालयाचे काम तो पाही. १९१० च्या सुमारास त्याला शिंगाड्या भुंग्यांची झुंज चित्रित करावयाची होती. परंतु हे भुंगे रात्री झुंजतात, आणि दिव्यांच्या प्रखर प्रकाशात ते निपचित पडत. तेव्हा त्याने मेलेल्या भुंग्यांचे पाय काढून ते तारेने आणि मेणाने पुन्हा जोडले, आणि एकेक चित्र घेत त्यांना झुंजविले. १९१२ च्या 'कॅमेरावाल्याचा सूड' ह्या पटात तर कीटकांचा सारा संसारच उभा आहे: व्यभिचारी नवरा, रागावलेली बायको, आणि चोरून चित्र घेणारा नाकतोडा. हे कीटक जिवंत असून त्यांना शिकवून तयार केले आहे, असे काही प्रेक्षकांना वाटले, असे सांगतात. रशियातील क्रांतीनंतर तो फ्रान्सला गेला आणि तेथे त्याची कन्या इरेन त्याच्या कामात आयुष्यभर सहकारी राहिली. फाळक्यांचा कारखानाही असाच घरचा. सरस्वतीबाई अंधारात बसून कोऱ्या फिल्मला छिद्रे पाडीत, फिल्म धुऊन काढीत, आणि सगळ्या मंडळींचा स्वयंपाकही करीत. मुलगा भालचंद्र रोहिदास झाला आणि मुलगी मंदाकिनी बालकृष्ण झाली. ही कला संयमाची असल्यामुळे ती घराच्या आधारानेच टिकते, ह्याचे हे दोन दाखले.

१९३३ च्या 'किंग काँग'मध्ये विलिस ओब्रायन ह्याने जेमतेम दीड फूट उंचीच्या बाहुल्याला अजस्र वानर केले. आत धातूचा सांगाडा, वर रबर, त्यावर सशाची लव. चित्रपट नीट पाहिला तर काँगच्या अंगावरील केस सारखे थरथरताना दिसतात. दर चित्रापूर्वी बाहुला हलविणाऱ्या बोटांचा तो ठसा आहे. तांत्रिकदृष्ट्या तो दोष. परंतु प्रेक्षकांना ते केस रागाने फुललेले वाटले. त्या चित्रपटातील बेटवासीयांचे चित्रण ओंगळ आणि वर्णद्वेषी आहे, हे सांगितल्यावाचून त्याची स्तुती करणे आम्हांस प्रशस्त वाटत नाही. तरी त्या बाहुल्याचे मरण पाहून माणसाचे मन कळवळते, ही गोष्ट खरी. रबर आणि सशाच्या लवेसाठी आपले डोळे ओलावतात. ते का ओलावतात? कोणीतरी त्या निर्जीव वस्तूपाशी महिनोन्महिने बसले, तिच्या प्रत्येक हालचालीचा विचार केला, हे आपल्या मनाला कुठेतरी जाणवते म्हणून.

ह्याच्या पुढचे पाऊल चेक कलावंत यिर्झी त्रिंका ह्याचे. १९६५ सालचा त्याचा 'हात' हा पट अठराएक मिनिटांचा आहे. एक साधा बाहुला आपल्या फुलासाठी कुंडी घडवीत असतो. एक प्रचंड हात खोलीत शिरतो आणि 'माझी मूर्ती घडव' असा हुकूम करतो. बाहुला नाकारतो. तेव्हा आर्जवे, प्रलोभने, धमक्या, शेवटी पिंजरा. आणि बाहुल्याला दोऱ्या बांधून त्याच्याकडून हवे ते करवून घेतले जाते. त्रिंकाच्या बाहुल्याचा चेहरा कधी बदलत नाही. प्रकाश आणि कोन बदलतात, आणि आपल्याला त्या कोरीव चेहऱ्यावर भय आणि हट्ट दिसू लागतात. १९६९ च्या अखेरीस त्रिंका निवर्तला, आणि नंतर तेथील साम्यवादी राजवटीने ह्या पटावर बंदी घातली, ती जवळजवळ दोन दशके टिकली. कळसूत्री बाहुलीचा दृष्टान्त आपल्या संतवाङ्मयाला परिचित आहे: सूत्रधार हलवील तशी बाहुली हलते. त्रिंकाने हा दृष्टान्त उलटा फिरविला. ज्याच्या हाती दोऱ्या आहेत तो हात ईश्वराचा असेलच असे नाही. कित्येकदा तो ईश्वर होऊ पाहणाऱ्या सत्तेचा असतो. मनुष्याला इच्छास्वातंत्र्य आहे असे मानणाऱ्या आम्हांस हा पट फार जवळचा वाटतो, कारण दोऱ्या ओढणाऱ्या हातापेक्षा कुंडी घडविणारा हात मोठा, असेच तो सांगतो.

ह्या पार्श्वभूमीवर पुन्हा फाळक्यांकडे येऊ. त्यांच्या कलेत युक्ती आणि श्रद्धा ह्यांचा एक ताण सतत जाणवतो. ते स्वतः जादूचे प्रयोग करीत, आणि आपले आडनाव उलटे करून 'प्रोफेसर केळफा' हे नाव लावीत. फ्रान्सचा जॉर्ज मेलिए हाही जादूगारच होता, आणि दोघांचीही अखेर उपेक्षेत गेली. १९१७ च्या 'लंकादहन'मध्ये अण्णा साळुंके ह्या एकाच नटाने राम आणि सीता ह्या दोन्ही भूमिका केल्या. तरी पडद्यावर राम दिसताच प्रेक्षक हात जोडीत, लोटांगण घालीत, असे सांगतात. येथे एक गंभीर प्रश्न उभा राहतो. युक्तीने निर्माण केलेल्या प्रतिमेपुढे श्रद्धाळू माणूस नमतो, तेव्हा ती त्याची फसवणूक होते का? इ. स. ७८७ मध्ये नायसियाच्या दुसऱ्या धर्मपरिषदेने प्रतिमांविषयी जो निर्णय दिला, त्याचा आशय असा की प्रतिमेला दिलेला मान प्रतिमेपाशी थांबत नाही, तो मूळ व्यक्तीपर्यंत पोहोचतो. हे तत्त्व मान्य केले तर नमणाऱ्याला दोष देता येत नाही. मात्र प्रतिमा घडविणाऱ्यावर एक जबाबदारी येते: आपली युक्ती ही युक्ती आहे हे त्याने लपवू नये.

आम्ही पंचवटीत राहतो. ह्या भूमीशी सोन्याच्या हरणाची कथा जोडलेली आहे. ते हरीणही चालतेबोलते चित्रच होते, आणि ते पाहणाऱ्याचे अनिष्ट व्हावे ह्या हेतूनेच पाठविले गेले होते. मारीचाची माया आणि फाळक्यांची मौज ह्यांतला भेद नेमका येथे आहे. १९१७ साली फाळक्यांनी चित्रपट कसे तयार करतात हे दाखविणारा एक पटच काढला, आणि त्यात स्वतः काम करताना दिसले. १९१९ च्या 'कालियामर्दन'चा आरंभ तर ह्याहून बोलका आहे. प्रथम लहानगी मंदाकिनी आपल्या मूळ रूपात पडद्यावर येते, चेहऱ्यावर नाना भाव दाखविते, आणि मगच ती कृष्ण होते. म्हणजे ही माझी मुलगी आहे, आता हिला कृष्ण म्हणून पाहा, असे बापाने प्रेक्षकांना उघडउघड सांगितले. हा प्रामाणिकपणा आम्हांस थोर वाटतो.

तरीही त्याच चित्रपटातील नागाशी होणारी झुंज आज पाहताना मन हलत नाही, हेही नमूद केले पाहिजे. नाग बनविलेला आहे हे दिसते, आणि त्याला पाहून आपण फार तर 'हे कसे केले असेल?' असे विचारतो. उलट मंदाकिनीच्या खोड्या, गावच्या पोरांचा दंगा, हे शंभर वर्षांनंतरही ताजे आहे. चमत्कार दाखविण्याच्या भरात फाळक्यांची कला अनेकदा देखाव्यात अडकली, आणि त्यांच्यामागून आलेल्या पौराणिक चित्रपटांनी तर त्यांचा संयम टाकून देखावाच तेवढा उचलला. हा दोष केवळ हिंदू पुराणपटांचा नाही. प्रभूच्या जीवनावरील किती तरी चित्रपट आपण तपःकाळात सभागृहात दाखवितो. त्यांतील बहुतेकांत पाण्यावर चालणे आणि लाजराला उठविणे ह्यांवर सारा खर्च झालेला असतो, आणि विहिरीपाशी शोमरोनी स्त्रीशी झालेले संभाषण घाईने उरकलेले असते. वाटाणा रुजताना पाहण्याचा धीर ज्याच्यापाशी नाही, त्याने चमत्काराला हात घालू नये.

'आगकाड्यांची मौज' आज उपलब्ध नाही. त्या काळची फिल्म ज्वालाग्राही असे, सहज सडे, सहज पेटे. १९६४ साली पुण्यात स्थापन झालेल्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयासाठी पी. के. नायर ह्यांनी फाळक्यांच्या पटांचे अवशेष मोठ्या कष्टाने जमविले. म्हणून 'राजा हरिश्चंद्र'चे काही भाग आणि 'कालियामर्दन'चा बराचसा भाग आपल्याला पाहता येतो. 'लंकादहन'चाही बहुतेक भाग गेला. जो पट पाहता येत नाही त्याच्या रचनेचा न्याय कोणी करू शकत नाही. परंतु त्या तंत्राची जी अट आहे, ती करणाऱ्याचे शील सांगून जाते: घाई चालत नाही आणि लबाडी चालत नाही. एक काडी विसरली तर ती पडद्यावर विसरलेलीच दिसते.

आज संगणकावर पाहिजे ती प्रतिमा क्षणात तयार होते, आणि आता तर माणसाने कधी न उच्चारलेली वाक्येही त्याच्या तोंडी घालता येतात. आपल्या घरांतील मुले ह्याच प्रतिमांत वाढत आहेत. त्यांना केवळ 'हे पाहू नका' असे सांगून काही साधणार नाही. आमची सूचना अगदी साधी आहे. सुट्टीत धर्मग्रामाच्या सभागृहात मुलांना एक मोबाइल, एक स्थिर घडवंची आणि एक काडेपेटी द्यावी. काड्यांची गुले आधी मोडून टाकावीत. दहा सेकंदांचा पट करा म्हणावे. सेकंदाला बारा चित्रे धरली तरी एकशेवीस वेळा थांबावे लागेल. अर्धी मुले कंटाळून उठतील. जी बसून राहतील, त्यांना पडद्यावरील प्रत्येक हालचालीमागे कोणाचा तरी हात असतो, आणि तो कशासाठी हलला हे विचारण्याचा आपल्याला अधिकार आहे, हे कोणी शिकविल्यावाचून कळेल. त्यांतल्या एखाद्याने कुंडीत वाटाणा पेरायचे ठरविले, तर पालकांनी त्याला खिडकीजवळची जागा आणि महिनाभराची सवड द्यावी.